पडद्यावर नसलेली होडी

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना माझ्याविषयी कोणाचा भलता समज व्हायला नको. जन्म पुण्याचा, नोकरी बेंगळुरूची, आणि दोन्ही गावांना समुद्र नाही. तरी माझं सगळं कामाचं आयुष्य समुद्रावरच्या जहाजांपायी गेलं. आधी तीस वर्षं मी जहाजांसाठी रडार बनवली आणि निवृत्तीनंतर, त्या रडारना न दिसणाऱ्या लहान होड्यांना जहाजांच्या वाटेतून पलीकडे न्यायचं काम केलं.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दोन वर्षं मागे लागले होते, "मॅडम, अनुभव लिहा." मी काही ना काही सबब काढायचे. खरं कारण राजाजीनगरात, माझ्या घरापासून चार गल्ल्या सोडून राहतं. त्यांचं नाव पार्वतीअक्का. गेल्या महिन्यात त्यांनी मला भाजीवाल्याजवळ गाठून विचारलं, "आमची गिरिजा येत्या मार्चात परत होडी घेऊन जाते म्हणते. तुम्ही सोबत असाल तर पाठवते. पाठवू का?"

मी "बघू" म्हणाले आणि घरी आले. त्या दिवसापासून माझी झोप उडाली आहे. मागच्या वेळी समुद्रात काय झालं ते पार्वतीअक्कांना ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही ते माझ्यामुळे.

आधी धंदा थोडा समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी ज्या सरकारी कारखान्यात होते तिथे जहाजांवरची रडार बनत. अंधाऱ्या खोलीत टाळी वाजवून भिंत किती लांब आहे ते ऐकावं, तसं रडारचं काम. यंत्र लहरी सोडतं, त्या कशावर तरी आपटून परत येतात आणि पडद्यावर ठिपका उमटतो. अडचण अशी की या लहरी समुद्राच्या लाटांवर आपटूनही परत येतात, पावसाच्या सरीवरूनही येतात, आणि पडदा ठिपक्यांनी भरून जातो. आम्ही त्याला सरळ कचरा म्हणायचो. हा कचरा पुसायला दोन बटणं असतात, एक लाटांचं आणि एक पावसाचं. जगातल्या प्रत्येक रडारला ती असतात. आमच्या रडारच्या बटणांमागचं गणित बसवणाऱ्या चौघांत मी एक होते. कचरा आमच्याइतका स्वच्छ कोणी पुसत नसे, हे सांगताना आजही माझी मान जरा ताठ होते.

आणि लगेच खाली जाते. कारण लहान होडीवरून परत येणारा ठिपका लाटेच्या ठिपक्याएवढाच असतो. लाट पुसली की होडीही पुसली जाते.

एकदा नवं रडार बसवलेल्या एका मालवाहू जहाजावर चाचणीसाठी गेले होते. कॅप्टन भारी टापटिपीचा. त्याच्या टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. पडद्यावरचे ठिपके त्याला खपेनात. "मॅडम, ही घाण कसली?" मी बटण फिरवलं. "अजून." अजून फिरवलं. पडदा धुतल्यासारखा झाला. तो खूश होऊन चहा मागवायला वळला आणि मी सहज काचेबाहेर पाहिलं. उजव्या हाताला मासेमारीची एक होडी होती. आत दोन माणसं, त्यातला एक डब्यातून काहीतरी खात होता. पडद्यावर त्या जागी काहीही नव्हतं. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहून जहाज वळवलं, कोणाला काही झालं नाही. पण त्या माणसाचा डबा मी कधी विसरले नाही.

परत आल्यावर मी म्हटलं, पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात छापू या, की हे बटण जास्त फिरवलं तर लहान होड्या दिसेनाशा होतात. साहेब म्हणाले, "गिऱ्हाईक घाबरेल हो. आत कुठेतरी घालू. थोडं अ‍ॅडजस्ट करा." मी "बरं" म्हणाले. सूचना आतल्या एका पानावर बारीक टायपात गेली. ती कोणी वाचली असेल असं मला वाटत नाही.

निवृत्तीनंतर मला कळलं की आपल्या या समुद्र नसलेल्या गावात शिडाच्या होड्या बाळगणारी माणसं आहेत. बहुतेक संगणकवाले. होडी कोचीला नाहीतर गोव्याला, आणि मालक इथे सिग्नलला अडकलेला. लांबच्या सफरीला निघण्याआधी ते माझ्याकडे येऊ लागले. मी त्यांची यंत्रं तपासायची, जहाजांचा रस्ता कुठे आणि किती वाजता ओलांडायचा ते आखून द्यायची आणि कोणी फारच घाबरलेलं असेल तर सोबत जायची. माझ्याइतकं घाबरलेलं सहसा कोणी नसायचं. पण ते मी चेहऱ्यावर येऊ देत नसे. धंद्यात ते बरं दिसत नाही, अशी माझी समजूत होती.

एक गृहस्थ समुद्रावरचे नियम पाठ करून आले होते. "मॅडम, मोकळ्या समुद्रात शिडाच्या होडीला इंजिनवाल्या जहाजाने वाट द्यायची असते. नियमच आहे." नियम आहे खरा. मी त्यांना विचारलं, "के. आर. पुरमला स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर पांढरे पट्टे आहेत म्हणून तुम्ही डोळे मिटून चालायला लागता का?" मोठं जहाज चारशे पावलं लांब असतं. थांबायचं म्हटलं तर त्याला मैल-दोन मैल लागतात. वर उभ्या असलेल्या माणसाला जहाजाच्या अगदी पुढचं पाणी दिसतच नाही, कारण मध्ये मालाच्या पेट्यांचे ढीग रचलेले असतात. आपण ताशी पाच मैलांनी चाललेलो, ते सतरा-अठरा मैलांनी. क्षितिजावर टिकलीएवढं दिसलं की अर्ध्या तासात अंगावर येतं.

म्हणून जहाजांचा रस्ता दिवसाउजेडी आणि शक्यतो आडवा कापायचा, म्हणजे त्यात कमीत कमी वेळ राहावं लागतं. जहाज दिसलं की होडीच्या कठड्याचा एक खांब खूण म्हणून धरायचा आणि बघत राहायचं. जहाज खांबाच्या पुढे किंवा मागे सरकत असेल तर ठीक. ते त्याच खांबाला चिकटून राहिलं आणि नुसतं मोठं होत गेलं, तर त्याची आणि तुमची गाठ पडणार हे नक्की. मग वळायचं. पण वळण लवकर घ्यायचं, मोठं घ्यायचं, समोरच्याला दिसेल असं घ्यायचं. जहाजाच्या पुढून निसटायला बघायचं नाही. त्याच्या शेपटीकडे तोंड करायचं आणि ते गेलं की मागून जायचं. लहान लहान वळणं कोणाला दिसत नाहीत आणि आपल्याला मात्र काहीतरी केल्याचं समाधान देतात. मी शिकवायची ते एवढंच.

आता रंगोजीअण्णा. हे पार्वतीअक्कांचे यजमान. घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, घरात मराठी, बाहेर कन्नड. बेंगळुरूच्याच शिवाजीनगरात त्यांचं वर्कशॉप होतं. बसच्या इंजिनांचे भाग दुरुस्त करण्यात हयात गेली. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर कन्याकुमारीला, आणि तेव्हापासून तो त्यांच्या डोक्यात जाऊन बसला. साठीनंतर के. आर. पुरमच्या पलीकडे एक शेड घेऊन त्यांनी सात वर्षं खपून शिडाची बत्तीस फुटी होडी बांधली. गल्लीतले लोक म्हणायचे, अण्णा ही कुठे सोडणार, तळ्यात का? अण्णांनी ती ट्रकवर चढवून कोचीला नेली. नाव ठेवलं मैना. मैनेला मालदीवला न्यायचं, एवढी एकच इच्छा. एकुलती एक मुलगी गिरिजा आपल्या अप्पांकडून, म्हणजे अण्णांकडूनच, शीड शिकली आणि त्यांच्याहून बरी चालवू लागली.

अण्णांना रस्ता ओलांडताना पाहणं हा एक सोहळा असतो. शिवाजीनगरच्या बसस्टँडसमोर ते हात किंचित वर करतात आणि चालायला लागतात. थांबत नाहीत, पळत नाहीत. बस आली की अर्धं पाऊल मागे, रिक्षा आली की अर्धं पाऊल पुढे. बसही थोडी सरकते, रिक्षाही थोडी सरकते. "अक्का, सगळ्यांनी स्वल्प स्वल्प सरकायचं. मग कोणाला काही होत नाही," असं ते मला म्हणाले होते. पन्नास वर्षांत त्यांना खरचटलंसुद्धा नाही.

मैनेची तपासणी मी केली. सगळं नेटकं होतं. रडारला होडी दिसावी म्हणून डोलकाठीवर पत्र्याची चांदणी लटकवतात, ती अण्णांनी स्वतः पत्रा कापून केली होती. दिसायला अगदी आकाशकंदील. नव्हती ती एकच वस्तू. मोठी जहाजं आपलं नाव, वेग आणि दिशा रेडिओवरून सारखी सांगत असतात. होडीवर त्यासाठी एक यंत्र बसवतात. मैनेवरचं यंत्र फक्त ऐकणारं होतं. जहाजं कुठे आहेत हे आम्हाला कळणार होतं, आम्ही आहोत हे त्यांना कळणार नव्हतं.

"अण्णा, बोलणारं यंत्र पाहिजे," मी म्हटलं.

"सांगून ठेवलंय अक्का, यायला महिना लागेल. तोवर वारा फिरतो. ऐकणारं आहे ना? ह्या खेपेला स्वल्प अ‍ॅडजस्ट करू. परत आल्यावर पहिलं काम तेच."

तपासणीच्या यादीत त्या ओळीपुढे मी 'नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. 'नाही' लिहूनही सही करून टाकायची, ही कारखान्यात जडलेली माझी जुनी खोड.

निघायच्या आदल्या दिवशी पार्वतीअक्कांनी मला कोडबळ्यांचा, म्हणजे इकडच्या कडबोळ्यांचा, मोठा डबा दिला. म्हणाल्या, "ह्यांचं काय मी बोलत नाही. ह्यांना समुद्रच पाहिजे. पण पोरगी मला एकच. तुम्ही फार काळजी करता असं हे हसून सांगतात. ते ऐकूनच पाठवते बघा." एवढा मोठा विश्वास माझ्यावर कारखान्याने तीस वर्षांत दाखवला नव्हता.

कोचीहून पहाटे निघालो आणि मी आखल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजांच्या रस्त्यात शिरलो. तांबड्या समुद्राकडून सिंगापूरकडे जाणारी आणि तिकडून येणारी जहाजं मिनिकॉय बेटाच्या बाजूने जातात. समुद्रात रहदारी उजव्या बाजूने चालते आणि आम्ही दक्षिणेकडे चाललेलो, त्यामुळे आधी डावीकडून येणारी लागली. चार जहाजं एकामागून एक समोरून गेली. प्रत्येक वेळी मी खांब बघायची, हातातल्या होकायंत्रावर दिशा बघायची, वहीत लिहायची, आणि ते निघून गेलं की पुढचं शोधायची. गिरिजा सुकाणूवर होती. तिला मजा वाटत होती. अण्णा कोडबळं खात कन्नडमध्ये काहीतरी गुणगुणत होते.

दहाच्या सुमारास उजवीकडून येणारी जहाजं सुरू झाली. पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं. त्या काळ्या आभाळाच्या कडेला एक जहाज दिसलं. मी होकायंत्र डोळ्याला लावलं, दिशा दोनशे ऐंशी. वहीत लिहिलं. जहाज तिसऱ्या खांबावर होतं. "गिरिजा, ह्याच्यावर नजर ठेव," म्हणून मी खालच्या खोलीत यंत्राचा पडदा बघायला गेले. यंत्र सांगत होतं की हे जहाज आपल्यापासून पाव मैलाच्या आतून जाईल. पाव मैल म्हणजे काहीच नाही. अंदाज शंभर-दोनशे पावलांनी चुकला की संपलं.

मी रेडिओ उचलला. पडद्यावर जहाजाचं नाव होतं, नावाने हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. खाली उकाडा, डिझेलचा वास, होडी हेलकावे खात होती आणि मला उमासे येत होते. पाच मिनिटं, सात मिनिटं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा हाक मारली. रेडिओवर नुसती खरखर. पडद्यावरचं अंतर कमी होत होतं आणि दिशा दोनशे ऐंशीवरून हलत नव्हती. रेडिओ खाली ठेवला आणि मी वर आले.

जहाज दिसत नव्हतं. पावसाची एक करडी भिंत समुद्रावरून आमच्याकडे येत होती आणि जहाज तिच्या आत गेलं होतं. गिरिजा मात्र हसत होती.

"आंटी, टेन्शन नाही. ते मागे सरकलं. आधी तिसऱ्या खांबावर होतं, मग चौथ्यावर, मग त्याच्याही मागे. आपल्या मागून जाणार."

एक क्षणभर मला हायसं वाटलं. मग वाटलं, खाली यंत्र तर दोनशे ऐंशी म्हणतंय. दिशा तीच असेल तर खांब कसा बदलला?

"गिरिजा, तू होडी वळवलीस का?"

"थोडीशीच. अप्पा म्हणाले तसं, डावीकडे पाच अंश. मग परत पाच. असं चारदा."

"वाट देत होतो अक्का," अण्णा म्हणाले. "त्यालाही बरं, आपल्यालाही बरं."

होडी वळली की तिच्यावरचे खांबही वळतात. जहाज जागचं हललं नव्हतं, खांब हलले होते. शिवाजीनगरात जसं अर्धं अर्धं पाऊल सरकायचं, तशी ही बापलेक सरकत राहिली होती आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटलं होतं की जमलं. त्या वीस अंशांनी काहीही बदललं नव्हतं. पलीकडे ती चार वळणं कोणाला दिसलीही नसणार. बसचा ड्रायव्हर अण्णांच्या डोळ्यांत बघून सरकतो. इथे आमच्याकडे बघणारं कोणीच नव्हतं. खालच्या पडद्यावर शेवटी पाहिलं तेव्हा दीड मैल उरला होता. म्हणजे आता त्याहून कमी.

पाऊस अंगावर आला.

"उजवीकडे," मी म्हटलं. "पूर्ण उजवीकडे. ते जिकडून येतंय तिकडे तोंड कर."

"अक्का, जहाजाच्या तोंडातच?" अण्णा घाबरले. "नको. अजून स्वल्प डावीकडे घेऊ. झालंच आहे. बरोबर होईल बघा."

आणि माझ्या तोंडात 'बरं' आलं. खरंच आलं. होडी त्यांची, मुलगी त्यांची, सात वर्षं त्यांची. मी नुसती सल्ला देणारी. आयुष्यभर मी सल्ला दिला होता आणि कोणी नको म्हटलं की तो आतल्या पानावर सरकवला होता. तेवढ्यात मला तो माणूस आठवला, डब्यातून खाणारा. माझ्या पायाशी कोडबळ्यांचा डबा होता.

"नाही!" मी ओरडले. माझा आवाज असा निघू शकतो हे मलाही माहीत नव्हतं. "अण्णा, गप्प बसा! गिरिजा, वळव! आत्ता! पूर्ण वळव!"

गिरिजाने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तिने सुकाणू ढकललं.

तोवर वारा पाठीमागून होता, तो एकदम बाजूने लागला. होडी आडवी झाली. खाली भांडी कोसळली, डबा उलटला, कोडबळी पाण्यात वाहून गेली. अण्णा शिडाच्या दोराला लोंबकळून तो ओढत होते. मी कठड्याचा खांब दोन्ही हातांनी कवटाळून बसले होते आणि मोठमोठ्याने रामरक्षा म्हणत होते. मला ती पूर्ण येतही नाही. पावसात काही दिसत नव्हतं. आधी आवाज आला, खोल घरघर, छातीत जाणवणारी. मग डावीकडे पाऊस काळा झाला आणि त्या काळ्यातून लोखंडाची भिंत बाहेर आली. ती सरकत गेली, सरकत गेली, संपेचना. आमच्या गल्लीच्या लांबीइतकं अंतर असेल. वळलो नसतो तर ज्या पाण्यात आम्ही असतो, त्या पाण्यावरून ती गेली.

जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला पांढऱ्या अ‍ॅप्रनमधला एक माणूस बादली घेऊन उभा होता. त्याने आम्हाला पाहिलं. बादली तशीच हातात धरून तो बघत राहिला. अण्णांनी त्याच्याकडे पाहून हात वर केला, रस्ता ओलांडताना करतात तसा. तो हात बराच वेळ तसाच वर राहिला.

त्यानंतर रेडिओ वाजला. इंग्रजीत एक तरुण आवाज म्हणाला, "मला कोणी बोलावलं का? आमचा स्वयंपाकी म्हणतो मागे एक होडी आहे. माझ्या रडारवर काही नाही."

मी खाली गेले. म्हटलं, "रडारवरचं पावसाचं बटण कमी करा. लाटांचंही करा."

त्याने बटणं फिरवली असावीत.

"ओह," तो म्हणाला. "आता दिसता. तुम्ही आलात कुठून?"

"आम्ही इथेच होतो," मी म्हटलं. रडार कुठल्या कारखान्याचं आहे ते मी त्याला विचारलं नाही. मला ऐकायचं नव्हतं.

वर गिरिजाची बोटं सुकाणूवरून सुटत नव्हती. मी एकेक करून सोडवली. ती म्हणाली, "आंटी, मी तर बघत होते. पूर्ण वेळ बघत होते." मी म्हटलं, "हो गं, मला माहीत आहे." अण्णा दिवसभर शिडाचे दोर आवरत राहिले. संध्याकाळी फक्त म्हणाले, "तप्पाय्तु अक्का." चूक झाली. मी म्हटलं, चूक यादीवर सही करताना झाली आणि ती सही माझी होती.

मालदीवच्या मालेला पोचल्यावर पार्वतीअक्कांना फोन लावला. तो आधी माझ्या हातात आला. त्यांनी विचारलं, "सगळं बरोबर झालं ना?" आणि मी म्हटलं, "काही विशेष नाही. थोडा पाऊस लागला." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, गिरिजाने पाहिलं. मग त्यांनीही तेच सांगितलं. परतीला अण्णांनी मैना तिथल्याच एका जहाजावर चढवून आणली. 'इंजिन बिघडलं' असं घरी सांगितलं. तेही खोटंच. दोन वर्षं आम्ही तिघं ते धरून आहोत.

गेल्या आठवड्यात गिरिजाला विचारलं, आईला सांगू का? ती म्हणाली, "मी तर मालेतच सांगणार होते. तुम्ही आधी तसं बोललात, मग मला तेच म्हणावं लागलं." हे ऐकून मला जी लाज वाटली ती इथे लिहून ठेवते.

म्हणून हा लेख. पण तो छापून येण्याची वाट बघणं म्हणजे परत आतल्या पानावर बारीक टायपात सांगणं झालं असतं. शिवाय पार्वतीअक्कांचं वाचणं-लिहिणं सगळं कन्नडमधलं. मराठी बोलतात, पण देवनागरी वाचत नाहीत. दरवर्षी दिवाळी अंक आला की दुपारी मीच त्यांना वाचून दाखवते. तेव्हा इथपर्यंत लिहिलेले कागद घेऊन परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "यंदाचा एक लेख आधीच आलाय."

त्या जमिनीवर बसून मोगऱ्याचा गजरा ओवत होत्या. मी वाचत गेले. कॅप्टनच्या पेन्सिलींना हसल्या. अण्णांच्या रस्ता ओलांडण्यालाही हसल्या. मी सहीचं वाचलं तेव्हा त्यांनी मान वर केली. पावसाचं वाचलं तेव्हा हातातला दोरा थांबला. लोखंडाच्या भिंतीपाशीही मी थांबले नाही, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

गजरा खाली ठेवून त्यांनी विचारलं, "सुकाणू कोणाच्या हातात होतं?"

"गिरिजाच्या."

"तुम्ही धरलं नाही?"

"नाही. मी नुसती ओरडले."

"आणि तिनं वळवलं."

"वळवलं."

त्या घरातून मी कधी कॉफीशिवाय परत आलेली नाही. त्या दिवशी कोणी कॉफीचं नाव काढलं नाही.

"गिरिजा जाईल," त्या म्हणाल्या. "ते बोलणारं यंत्र बसवून जाईल. त्यात अ‍ॅडजस्ट नाही. पण तुम्ही जायचं नाही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"समुद्रात वाचवलंत, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण फोनवर मला फसवलंत. दोन वर्षं माझ्या घरी बसून कॉफी प्यालात आणि फसवलंत. भ्यालेलं लपवणारं माणूस माझ्या पोरीजवळ नको. तुम्ही इथं बसायचं, माझ्याजवळ. तिचा निरोप येईल तो वाचायचा. जहाज किती लांब आहे, पाऊस आहे का नाही, तुम्हाला भीती वाटते का नाही, जे असेल ते मला तोंडावर सांगायचं. थोडा पाऊस लागला, हे चालणार नाही."

मी "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बोलणारं यंत्र तेव्हाच येऊन खोक्यात पडून होतं, ते अण्णांनी माझ्यासमोर बसवलं. मैना आणि गिरिजा मार्चात निघतील. पार्वतीअक्कांनी त्यांच्या हॉलमध्ये आतापासूनच खिडकीपाशी माझ्यासाठी एक खुर्ची मांडून ठेवली आहे. पावसातून बाहेर आलेल्या त्या जहाजाचीसुद्धा वाटली नव्हती, इतकी भीती मला त्या खुर्चीची वाटते.